व्हार्निशमधला केस

वसंता, ये बघू हिकडं. असा जवळ बस. उंबऱ्यावर नको, तिथनं तू कधी उठून पळशील सांगता येत नाही. मी बोलायला लागले की मान खाली घालून ऐकतोय असं दाखवायचं आणि मनात मात्र दुसरंच काहीतरी कापायचं, घासायचं चाललेलं, ही तुझी सवय मला आजची माहीत नाही. आज तसं चालणार नाही. मला रागवायचंय, आणि पुरतं रागवायचंय.

असं कुणी जातं का रे? आदल्या संध्याकाळी मी दाराबाहेरनं विचारलं, "वसंता, भाकरी खाल्लीस का?" आणि तू आतनं म्हणालास, "खातो की." झालं. जन्मभर माझ्याशी भांडलास आणि शेवटी माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. त्यातनं भाकरी खाल्लीस की नाही हेही मला पक्कं कळलेलं नाही. सुलू म्हणते अर्धी खाल्ली. बायको तुझी, ती म्हणते म्हणजे असेल. पण या उन्हाळ्यात सुलूच्या तोंडून मी इतकं काय काय ऐकलंय, की ती अर्धी भाकरीसुद्धा मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरी धरणार नाही.

तुला जाऊन महिना होत आला. जलदान विधी झाला, पाहुणे जेवून गेले, तुझी लेक रडून रडून गडहिंग्लजच्या गाडीला बसली. चार लोक उठून चांगलं बोलले. माणूस शब्दाचा पक्का होता म्हणाले, हाताला वळण होतं म्हणाले. मला कुणीतरी खूण केली, आक्का, तुम्ही पण बोला. मी नाही म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते लोकांपुढं बोलायचं नव्हतं, तुला विचारायचं होतं. तुझं माझं घर एका भिंतीचं. साखर संपली की मधल्या चौकातनं वाटी फिरवणारे आपण. मग शेवटच्या उन्हाळ्यात तू मला तुझ्या खोलीत येऊ का दिलं नाहीस?

नाही म्हणू नको. ऐन उन्हाची दुपार, तू खाटेवर पडलेला, आणि खोलीचं दार बंद, खिडकी बंद, वर पंखासुद्धा बंद. पंख्याचा आवाज माझ्या भिंतीतनं येतो, बंद असला की मला लगेच कळतं. आजारी माणसाचा पंखा कोण बंद करतं? मी दार वाजवलं की सुलू बोटभर फट करायची. डोक्याला ओला टॉवेल घट्ट गुंडाळलेला, तोंड घामानं डबडबलेलं.

"आता नगं आक्का. आत्ताच डोळा लागलाय त्येंचा."

आणि तिच्या पाठीमागनं तुझा खोकला ऐकू यायचा. डोळा लागलेला माणूस असा खोकतो होय? एकदा तर दार लागलं, कडी सरकली, आणि लगेच तुझा आवाज आला. स्पष्ट आला. तू विचारत होतास, "गेली का आक्का?"

गेली का! जणू मी विजेचं मीटर बघायला आलेली बाई. ते शब्द मी घरी घेऊन आले, आणि तेव्हापासून ते माझ्याकडंच आहेत. त्यांचं मूळ शोधायचं तर मला होडीपासून सुरुवात करावी लागते. बघ, होडीचं नाव काढल्याबरोबर मान वर केलीस.

तू साचे करणारा. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी ती लाकडात घडवायची, वाळूत दाबून तिचा ठसा घ्यायचा, मग त्या पोकळीत लोखंडाचा रस. लोक लोखंड बघतात, तुझं लाकूड कुणाला दिसत नाही. आपल्या घरात तुझ्याआधी रंधा कुणी धरला नव्हता. धरू दिला नव्हता म्हण. बाबांनी गुऱ्हाळावर चुलवाणात जळण ढकलण्यात जन्म काढला, आणि तू आयटीआय करून उद्यमनगरात लागलास. तुझ्या हातचा पहिला साचा बघून तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं विचारलं होतं, "पावणं, ही कला कुठनं आणली?" त्यात कौतुक किती आणि संशय किती, ते तुला बरोबर कळलं. तू म्हणालास, "थोरल्या बहिणीची शिलाई बघून." घरी येऊन मला सांगितलंस आणि पोट धरून हसलास. तुझी ती चेष्टाच होती, पण मी ते खरं धरून बसले ते बसलेच. अजून वाकळ शिवताना टाका तिरका पडला की मी उसवते, वसंतानं बघितला तर काय म्हणेल म्हणून.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. कारखान्यातल्या लोकांबरोबर गगनबावड्याच्या घाटानं खाली कोकणात गेलास, आणि कुठल्याशा खाडीच्या काठाला होडी बांधताना बघून आलास. बाकीचे मासे खाऊन आले, तू होडी डोक्यात घेऊन आलास. पायातली चप्पल न काढता म्हणालास, "आक्के, होडीला एक बी सरळ रेघ नसती बग. आन् तरी ती सरळ जाती."

मग सुरू झालं. हातभर लांबीची होडी, साच्यांच्या उरलेल्या सागवानाच्या पातळ पट्ट्या, वरच्या डेकला शिवणीचं फिकट लाकूड, मध्ये डोलकाठी. घरामागच्या पत्र्याच्या खोपटात रविवार रविवार तू आणि ती. मी विचारलं, "कुणाला करतोयस?"

"तुला."

"मला? मी काय वाकळा भरून रंकाळ्यात सोडू?"

"बगत बस की. चकाकी आली की देतो."

चकाकी आली की. किती उन्हाळे, किती हिवाळे मी ते ऐकलं!

आणि ती काचेची पेटी आठवते? होडीवर धूळ बसू नये म्हणून तू हौसेनं काचेची पेटी करून घेतलीस, माप स्वतः देऊन. पेटी आली, होडी आत जाईना. टोक अडकलं. तू पेटीवाल्याला वाटेल ते बोललास. मग तुझ्याच लक्षात आलं. लोखंड निवताना आटतं, म्हणून तुमची कारखान्यातली पट्टी मुद्दाम जरा मोठी असते, होय ना? सवयीनं तू सबंध होडी त्या पट्टीवर केलीस, आणि पेटीचं माप दिलंस घरातल्या टेपनं. लोखंडात ओतायची असल्यासारखी होडी थोराड होऊन बसली. सुलूनं त्या पेटीत औषधं ठेवायला सुरुवात केली, आणि होडी राहिली उघडी. धुळीशी तुझं वैर सुरू झालं ते तिथनं.

तुला नुसती चकाकी नको होती. वर काही लावलंय असं दिसताच कामा नये, लाकूड स्वच्छ पाण्याखाली धरल्यासारखं दिसलं पाहिजे, असं तुझं म्हणणं. "बगणाऱ्यानं हात लावायच्या आधी इचारलं पायजे, ओली हाय का म्हणून."

आधी तू बाबालालचं ऐकलंस. बाबालाल तुझा लहानपणापासूनचा दोस्त, रंगाचं दुकान, जीभ साखरेची. त्यानं सांगितलं, लाख स्पिरिटमध्ये विरघळव, मलमलीत कापूस बांधून बोळा कर आणि हातानं फिरवत राहा. तू मनगट दुखेपर्यंत फिरवलास. रूप आलं, खरंच आलं. पण तुला दम कुठला? भर पावसाळ्यात आणखी एक हात दिलास, भिंतींना घाम सुटलेला असताना. सकाळी बघतोस तर होडीवर दुधाच्या सायीसारखा पांढरट पडदा. बाबालाल म्हणाला, "पावसात केलंस ना? मग भोग." तू म्हणालास, "पाऊस काय मी आणला?" आणि सगळं घासून काढलंस.

मग व्हार्निश, ब्रशनं. सागवान तेलकट, म्हणून आधी थिनरनं पुसायचं. पहिला हात टर्पेंटाइन घालून इतका पातळ, की लाकडानं पिऊन टाकला पाहिजे. तो वाळला की पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरनं अलगद घासायचं, पुसायचं, पुन्हा हात. मध्ये तू होडीकडं टक लावून बघायचाही नाहीस, नजरेनं धूळ बसेल अशा भीतीनं. माझ्या मलमलीच्या चिंध्या व्हार्निश गाळण्यात गेल्या. माझी दात घासायची पांढरी पावडर संपत का होती हे मला कळायचं नाही, मी दूधवाल्यावर डोळा ठेवला होता, दुधात हाच मिसळतोय की काय म्हणून. शेवटी कळलं की तेलात ती पावडर कालवून तू होडी चोळतोयस. दात माझे तसेच, आणि चकाकी होडीला.

आणि तरी होडी कधी पुरी झाली नाही. एकदा चिलट चिकटलं, एकदा बोट लागलं, एकदा ओघळ आला. पुन्हा घासलीस. मला तेव्हाच शंका आली होती की तुला ती पुरी करायचीच नाहीये. पुरी झाली तर द्यावी लागेल, आणि दिली तर रविवारी काय करणार?

त्यात तो केस.

मी चहा घेऊन खोपटाचं दार ढकललं, एवढाच माझा गुन्हा. तू ओरडलास, "दार लाव!" मी लावलं. आत उभी राहून लावलं, बाहेर जाऊन नाही, हे तुझ्या मते चुकलं. दुसऱ्या दिवशी सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारलीस.

"आक्के, ह्यो बग. तुजा केस."

डेकवर, डोलकाठीच्या जरा पुढं, कोयरीसारखा वळलेला एक केस. वर व्हार्निश वाळून बसलेलं.

"माझा कशावरनं? ब्रशचा असंल."

"ब्रशचा केस टाचणीसारखा ताठ असतोय. ह्यो बग कसा लाडात वळलाय. आन् लाल हाय. मेंदीचा."

"मग सुलूचा असंल. आमी दोघी एकाच वाटीतली मेंदी लावतो."

सुलू आतनं म्हणाली, "मला नका घेऊ त्यात. मी त्या खोपटात पाय ठेवत न्हाय. होडी हाय का सवत हाय ती?"

"आता काढ की घासून," मी म्हटलं.

"काढतो. आधी तुजा हाय म्हण."

"म्हणत न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे. पुरावा हाय त्यो."

आणि राहिला. पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात बाकीची होडी घासलीस, तेवढी जागा सोडून. घरी कुणी आलं की होडी बाहेर आणायचास आणि म्हणायचास, "ह्यो आमच्या आक्काचा केस." मी म्हणायची, "न्हाय माझा." पाहुणे चहा पिता पिता एकदा होडीकडं बघायचे, एकदा माझ्या डोक्याकडं.

मग तुझे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची. मग सदऱ्याची बटणं सुलू लावायला लागली. ज्या हातांनी केसाएवढा फरक ओळखला त्यांना पेन धरवेना. एक दिवस तूच होडी धोतराच्या कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलीस. खोपटात जळण भरलं. मी म्हटलं, "आता काय व्हायची न्हाय ती." तू म्हणालास, "व्हईल की." मला वाटलं, बोलायला म्हणून बोलतोयस. खाटेवर तू दिवसेंदिवस आटत गेलास, आणि तुझ्यासाठी आधी कुणी मोठी पट्टी धरलेली नव्हती.

आता या उन्हाळ्यावर येते. माझ्या जागी बसून बघ एकदा. मला खोलीत मज्जाव, आणि बाबालाल मात्र पिशवी छातीशी धरून येतो, सुलू त्याला आत घेते, दार पुन्हा बंद. बाहेर पडताना पिशवी रिकामी. मी त्याला चौकात गाठलं.

"काय आणलं होतंस रे?"

"मोसंबी, आक्का."

"मोसंबी खडखड वाजती व्हय?"

तो हसला आणि सटकला. माझ्या मनात आलं, बाटली. डॉक्टरनं नको म्हटलेलं असताना हा तुला पाजतोय. मग खोलीतनं उग्र वास यायला लागला. सुलूला विचारलं तर म्हणाली, "त्येंचे पाय चोळतोय टर्पेंटाइन तेलानं." बरं, चोळत असेल. मग तिनं माझ्याकडं जुनी मलमल मागितली. "कशाला?" तर "त्येंचं अंग पुसायला." बरं, पुसत असेल. सगळ्याला उत्तर तयार, आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं, म्हणूनच मला एकही पटेना. घराच्या कागदांवर तुझी सही घेतायत की काय इथपर्यंत माझं मन पळालं. मध्ये भिंत घालायची असेल, चौक वाटून घ्यायचा असेल. दिवसभर एकटी वाकळ शिवणाऱ्या बाईच्या डोक्यात काय काय येतं, ते सुईलाच माहीत.

मग मी चौकात, तुझ्या दारासमोरच वाकळ पसरून बसायला लागले. येतंय कोण, जातंय कोण, बघतेच म्हटलं. तर सुलू बाहेर आली.

"आक्का, जरा तिकडच्या अंगाला बसा की. कापूस उडतोय."

"मी माझ्या चौकात बसलोय. कापूस उडंल न्हाय तर पाखरू उडंल."

"उडू दे हो. पण तिकडं उडू दे."

मी उठले, आणि त्या दिवसापासून तिच्याशी तुटक बोलायला लागले. दाराबाहेरनं तुला विचारायचं, खाल्लंस का, झोपलास का, आणि परत फिरायचं. तू आतनं एखादा शब्द द्यायचास. पुढचं तुला ठाऊक आहे. "खातो की" म्हणालास, आणि सकाळी सुलूनं भिंतीवर मूठ आपटली. दार तेव्हा सताड उघडं होतं, आणि पंखा गरगर फिरत होता.

सगळे पाहुणे गेल्यावर एका दुपारी सुलू माझ्याकडं आली. हातात धुतल्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी, लहान मूल धरावं तसं. माझ्या शिलाई मशीनच्या फळीवर ठेवलं, आणि कापड काढलं.

वसंता, मी पहिल्यांदा काय केलं सांगू? मी हात मागं घेतला. म्हटलं, "ओली हाय का?"

होडी कसली, पाणी थिजवून केलेली वस्तू. सागवानाची प्रत्येक शीर दिसत होती आणि वर काय लावलंय ते दिसतच नव्हतं. खिडकीचे गज तिच्या अंगावर वळून उमटले होते, माझं तोंडसुद्धा उमटलं होतं, लांबुळकं. एक ओघळ नाही, एक कण नाही. आणि लगेच माझं दुसरं मन जागं झालं. तुझे हात तर चमचासुद्धा धरत नव्हते. मग ही केली कुणी?

"ही कुणाची आणलीस?"

"तुमचीच हाय, आक्का."

"आपली न्हवं ही. बाबालालनं इकत आणली काय? तरी म्हटलं पिशवी कसली."

सुलू रडेल असं मला वाटलं. ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली, पदर तोंडाशी धरून.

"अगदी ह्येच म्हणले होते हे. म्हणले, आक्का बगंल आन् पयलं म्हणंल, बदलली." मग डोळे पुसून म्हणाली, "डोलकाठीच्या म्होरं बगा."

मी चष्मा लावला. होडी खिडकीशी नेली. डोलकाठीच्या जरा पुढं, काचेखाली ठेवावा तसा, कोयरीसारखा वळलेला केस.

मग सुलूनं सांगितलं. व्हार्निश तिनं लावलं. जी त्या खोपटात पाय ठेवत नव्हती तिनं, तू खाटेवरनं सांगशील तसं. तू म्हणायचास, उजेडात तिरकी धर. तू म्हणायचास, मागं फिरू नको, ओल्यावर पुन्हा ब्रश फिरवलास तर रेघ राहील. तिनं घाईत बिघडवलं की तू म्हणायचास, वाळू दे, उद्या घासू. तू आणि उद्या! धूळ उडू नये म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, फरशीवर पाणी शिंपडलेलं. केस पडू नये म्हणून डोक्याला ओला टॉवेल. बाबालालच्या पिशवीत व्हार्निशचा डबा.

"मग मला का न्हाय सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला.

"सांगितलं असतं तर तुमी म्हणला असता, सरक, मीच लावतो. आन् तुमी आला की कापूस येतोय, केस येतोय, आन् बोलणं येतंय. बोलणं आलं की हे तिकडं तोंड करून बोलत बसणार, आन् हिकडं माझं व्हार्निश सुकून कड धरणार."

"आन् 'गेली का'? मी ऐकलंय, सुले. माझ्या कानानं ऐकलंय."

ती म्हणाली, "अर्ध्या बाजूवर ब्रश थांबल्याला, तुमी दारात. उन्हाळ्याचं व्हार्निश, बगता बगता सुकून ब्रशला वढ धरतंय. हे घामानं भिजल्यालं. म्हणून इचारलं, गेली का. हात झाला, ब्रश धुतला, मग पंखा लावला की रोज म्हणायचे, आज आक्का लवकर गेली."

मी मशीनचं चाक हातानं फिरवलं. चाक उगीच फिरत होतं.

केसाचं तिनंच सांगितलं. शेवटच्या हाताच्या आधी ती म्हणाली होती, आता एवढा केस घासून काढते, होडी एकदम निर्मळ होईल. तू उठून बसायला बघितलंस म्हणे. "त्याला हात लावू नको. त्यो काढलास तर आक्का ही होडी आपली म्हणायचीच न्हाय. लई संशयी हाय ती."

वसंता, रागवायला बसले होते ना मी? रागवतेच. मला इतकं ओळखत होतास तर एक शब्द सांगायला काय झालं होतं? दाराला टेकून बसले असते, कापूस न उडवता, तोंड बांधून. नसते बसले, ते जाऊ दे. पण माझ्यासाठी चकाकी आणायला तू माझ्याच वाट्याच्या दुपारी खर्च केल्यास. होडीकडं बघितलं की तुझ्या तोंडावर हात फिरवावासा वाटतो. मग दार आठवतं, आणि हात मागं येतो.

आणि खरं सांगू, माझा संशय पुरता फिटलेला नाही. होडीचं पटलं. पंख्याचं पटलं, बाबालालच्या मोसंब्यांचं पण पटलं. पण "आज आक्का लवकर गेली" हे तू खरंच रोज म्हणायचास, की मला रडू येऊ नये म्हणून सुलूनं आपल्या पदरचं घातलं? तिच्या तोंडाकडं मी बारीक बघितलं. काही कळत नाही. ती आता गुळगुळीत बोलायला शिकलीय, तुझ्याच हाताखाली शिकलीय.

होडीच्या बुडाला, जिथं तिनं धरलं असेल तिथं, बोटाचा एक ठसा राहिलाय. तुला खाटेवरनं दिसला नसेल, नाहीतर घासायला लावला असतास. ती म्हणाली, काढू का? मी म्हटलं, हात लावू नको. वर माझा केस म्हणता तर खाली तुझं बोट असू दे. आता रोज दुपारी ती माझ्याकडं येते. आम्ही पंखा बंद करून, दार लावून होडीसमोर बसतो आणि मऊ कापडानं पुसतो. वाकळ मी चौकात नेलीय, तिकडच्या अंगाला. शेजारीण परवा विचारत होती, दोघी म्हाताऱ्या असल्या उकाड्यात दार लावून काय करता? मी म्हटलं, डोळा लागलाय आमचा. तिला पटलेलं दिसलं नाही.

तू म्हणायचास, माणूस गेला की गेला, मागं आत्माबित्मा काही फिरत नसतो, आपल्या धम्मात तसलं बसत नाही. मी मान हलवायची. आताही हलवते. पण मरायच्या आधी माझा पुढचा संशय ओळखून त्याचं उत्तर व्हार्निशखाली ठेवून जाणारा माणूस गेला की गेला, हे मी इतक्यात कशी मानू?

तेव्हा एकदा ये. मी केस पुन्हा चष्मा लावून बघितलाय. एका टोकाला लाल आहे, दुसऱ्या टोकाला पांढरा. माझा असेल, सुलूचाही असेल, आमची मेंदी एकाच वाटीतली. मी मान्य केलेलं नाही आणि तुझ्या पाठीमागं करणारही नाही, भांडण समोरासमोर मिटवू. येताना पाय धुऊन ये, डोकं पुसून ये, आणि दार हळू ढकल, धूळ उडते. भाकरी टाकून ठेवते, माझ्यासमोर बसून पुरती खायची. लवकर ये वसंता. आणि आलास की लवकर जाऊ नको.